नावाला जागा किती? डेटाबेसमधल्या मजकुराच्या मर्यादांचा आढावा

ओमानचे सुलतान हैसम बिन तारिक बिन तैमूर अल सईद यांचे नाव अरबी लिपीत, मधल्या रिकाम्या जागा धरून, २९ चिन्हांत मावते. मुंबईच्या ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ या नावातही काना, वेलांट्या आणि पाय मोडण्याच्या खुणा वेगळ्या मोजल्या तर नेमकी २९ चिन्हे भरतात. पण आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीने ही नावे साठवली, की पहिले ५२ बाइट घेते आणि दुसरे ८१. स्थानकाचे तेच नाव रोमन लिपीत लिहिले तर अक्षरे वाढून ३६ होतात आणि बाइटही ३६च राहतात. आता एखाद्या डेटाबेसमध्ये नावाच्या कॉलमला ५० ही मर्यादा घातलेली असेल, तर यातले कोणते नाव आत जाईल? उत्तर डेटाबेसगणिक बदलते. ५० म्हणजे ५० काय, यावर या क्षेत्रातल्या मोठ्या उत्पादनांचे आजवर एकमत झालेले नाही.

मस्कतमध्ये काम करणाऱ्या संगणक अभियंत्याला हा प्रश्न टाळता येत नाही. अरबी ही ओमानची राजभाषा. १९९६ च्या मूलभूत कायद्यातही ते लिहिले होते आणि २०२१ च्या नव्या मूलभूत कायद्यातही आहे. व्यापार-उदीम बराचसा इंग्रजीत चालतो. नोकरदारांत भारतीयांची संख्या मोठी, त्यांत मराठी कुटुंबेही आली. त्यामुळे बँक, दवाखाना, वीज कंपनी, शाळा, कुठल्याही ठिकाणी एकाच माणसाचे नाव दोन लिप्यांत ठेवावे लागते आणि दोन्ही लिप्यांना जागा वेगवेगळी लागते. ही जागा ठरवतो कोण, आणि कशावरून?

२५५ आला कुठून

आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रावर ८० रकाने होते. नावाला २० रकाने दिले की नाव ‘राम’ असो वा ‘पुरुषोत्तम’, वीसच खर्ची पडायचे. डेटाबेसमधला ठरावीक लांबीचा ‘चार’ हा प्रकार याच पद्धतीचा वारस. बदलत्या लांबीचा मजकूर साठवणारा ‘व्हारचार’ वेगळ्या युक्तीवर चालतो: आधी मजकुराची लांबी लिहायची, मग मजकूर. ही लांबी लिहायलाही जागा लागते. ती एका बाइटात लिहिली तर २५५ च्या पुढचा आकडा लिहिता येत नाही. दोन बाइटांत ६५,५३५, तीन बाइटांत १,६७,७७,२१५ आणि चार बाइटांत ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जाता येते. मायएसक्यूएलमधल्या टाइनीटेक्स्ट, टेक्स्ट, मीडियमटेक्स्ट आणि लाँगटेक्स्ट या चार प्रकारांच्या मर्यादा याच आकड्यांवर येऊन थांबतात.

मायएसक्यूएलमध्ये २००५ च्या ५.०.३ आवृत्तीपर्यंत व्हारचारची कमाल लांबी २५५ होती. मग ती ६५,५३५ बाइटांवर गेली, तीही साऱ्या कॉलमांच्या मिळून अख्ख्या ओळीसाठी. कारण जाऊन दोन दशके झाली तरी २५५ हा आकडा अंगवळणी पडला आहे. ईमेल असो, गावाचे नाव असो की आजाराचे वर्णन, हात आपोआप २५५ टंकतो. कुणी कारण विचारले तर सांगता येत नाही.

मर्यादांचा दुसरा उगम डेटाबेसच्या ‘पाना’त आहे. डिस्कवरची माहिती पानापानांनी वाचली-लिहिली जाते. एसक्यूएल सर्व्हरचे पान ८,१९२ बाइटांचे असते. त्यातून शीर्षकाची आणि इतर नोंदींची जागा वजा जाता एका ओळीला ८,०६० बाइट उरतात. म्हणून तिथे व्हारचारची मर्यादा ८,००० आणि युनिकोडसाठीच्या एनव्हारचारची ४,०००. पोस्टग्रेसचे पानही नेहमी ८ किलोबाइटचेच असते, पण ओळ साधारण २ किलोबाइटच्या पुढे गेली की तो मोठा मजकूर दाबून लहान करतो किंवा बाजूच्या वेगळ्या टेबलात हलवतो. या यंत्रणेचे नाव ‘टोस्ट’. तिच्यामुळे तिथे एका मजकुराची मर्यादा थेट १ गिगाबाइटवर जाते.

पाच डेटाबेस, पाच रिवाज

ओरॅकलमध्ये ‘व्हारचार-टू’ची मर्यादा सातव्या आवृत्तीत २,००० बाइट होती, आठव्यापासून ४,००० झाली. २०१३ च्या १२सी आवृत्तीपासून एक विशेष सेटिंग बदलून ती ३२,७६७ बाइटांपर्यंत नेता येते. मात्र एकदा तो बदल केला की मागे फिरता येत नाही. ज्यांना याहून मोठा मजकूर ठेवायचा, त्यांच्यासाठी ‘क्लॉब’ आहेच.

एसक्यूएल सर्व्हरने २००५ मध्ये ‘व्हारचार मॅक्स’ आणून २ गिगाबाइटपर्यंत दार उघडले. पोस्टग्रेसमध्ये व्हारचारला घालता येणारी सर्वांत मोठी मर्यादा १,०४,८५,७६० अक्षरे. मर्यादाच नको असेल तर ‘टेक्स्ट’ वापरावा, वेगात फरक पडत नाही. एसक्यूलाइट सर्वांत बिनधास्त: ‘व्हारचार ५०’ असे लिहून ठेवले तरी तो त्या ५० कडे बघतही नाही. नेहमीच्या मांडणीत १०० कोटी बाइटांपर्यंत काहीही आत घेतो. मोबाइल ॲपमध्ये एसक्यूलाइट आणि सर्व्हरवर ओरॅकल अशी जोडी असेल, तर फोनमध्ये सुखाने बसलेले नाव सर्व्हरच्या दारात अडकते ते यामुळे.

ही सगळी आकडेवारी एकत्र पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. निव्वळ साठवणुकीचा विचार केला तर आज माणसाचे नाव, पत्ता किंवा तक्रारीचा मजकूर यांना कुठल्याच प्रमुख डेटाबेसमध्ये जागा कमी नाही. अडचण येते ती मोजमापात, अनुक्रमणिकेत आणि शेजारच्या प्रणालींत.

बाइट मोजायचे की अक्षरे

सुरुवातीच्या प्रश्नाकडे या नजरेने पाहू. ओरॅकलमध्ये वेगळे काही सांगितले नसेल तर ५० म्हणजे ५० बाइट. सुलतानांचे ५२ बाइटांचे नाव तिथे अडते आणि ‘मूल्य कॉलमपेक्षा मोठे आहे’ अशा अर्थाची ओरा-१२८९९ ही त्रुटी येते. ‘५० चार’ असे लिहिले तर मोजणी अक्षरांची होते आणि दोन्ही नावे आत जातात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस मुळातच अक्षरे मोजतात. एसक्यूएल सर्व्हरचा एनव्हारचार दोन-दोन बाइटांच्या जोड्या मोजतो, त्यामुळे २९ चिन्हांची दोन्ही नावे त्यात ५८ बाइटांत बसतात. इमोजी मात्र दोन जोड्या खाते. त्याच सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीत व्हारचारला यूटीएफ-८ ची सोय मिळाली, पण तिथे ५० म्हणजे पुन्हा बाइटच.

‘अक्षर’ मोजणारेसुद्धा आपल्या अर्थाने अक्षर मोजत नाहीत. ‘छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस’ वाचणाऱ्याच्या दृष्टीने १५ अक्षरांचे. युनिकोडच्या हिशेबात रिकाम्या जागा वगळून २६ चिन्हांचे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ एका चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘र’ अधिक नुक्ता असाही; दिसायला सारखा, मोजायला वेगळा. त्यात काही कीबोर्ड तेच रूप उमटवण्यासाठी न दिसणारे जोडचिन्ह घालतात, त्याचे आणखी तीन बाइट. अरबीतही डोक्यावर मद्दाची खूण असलेला ‘आ’ एका चिन्हाचा किंवा दोन चिन्हांचा असू शकतो, आणि स्वरचिन्हे दिली तर प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. म्हणून मजकूर आत घेतानाच त्याचे रूप एकसारखे करून घ्यावे लागते. नाही तर एकाच नावाच्या दोन नोंदी होतात आणि त्यांची लांबीही जुळत नाही.

जुन्या अरबी टेबलांचे स्थलांतर

आखाती देशांतल्या जुन्या प्रणालींना हा फरक एका विशिष्ट वळणावर जाणवतो. युनिकोडच्या आधी अरबी मजकूर आयएसओ ८८५९-६ किंवा विंडोज-१२५६ या संचांत ठेवला जाई. त्यात एक अरबी अक्षर म्हणजे एक बाइट, इंग्रजी अक्षरही एकच बाइट. त्यामुळे ३० चा कॉलम म्हणजे ३० अक्षरे, हिशेब सरळ. तोच डेटाबेस युनिकोडवर नेताना प्रत्येक अरबी अक्षर दोन बाइटांचे झाले. कॉलमची मर्यादा बाइटांत लिहिलेली असेल तर १५ अक्षरांच्या पुढची नावे स्थलांतरात मावेनाशी होतात. ओरॅकलने अशा स्थलांतरासाठी स्वतंत्र साधने दिली आहेत. कोणत्या टेबलातला कोणता मजकूर नव्या संचात वाढून मर्यादा ओलांडेल, हे ती आधी तपासून सांगतात. तो अहवाल वाचल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये, हा या कामातला पहिला धडा.

देवनागरीची स्थिती आणखी महाग. १९९१ च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात एक चिन्ह एका बाइटाचे होते. यूटीएफ-८ मध्ये तेच तीन बाइटांचे झाले, म्हणजे अरबीची दुप्पट तर मराठीची तिप्पट वाढ. ओरॅकलची ४,००० बाइटांची कमाल मर्यादा देवनागरीत १,३३३ चिन्हांवर संपते, आणि ‘४,००० चार’ असे लिहूनही ती वाढत नाही. कारण वरचे छत बाइटांचेच आहे. दोन बाइटांच्या जोड्या वापरणाऱ्या एनव्हारचारमध्ये देवनागरी उलट स्वस्त पडते.

मस्कतमधल्या एखाद्या कार्यालयाचा एसक्यूएल सर्व्हर अरबी मांडणीचा आणि कॉलम साध्या व्हारचारचा असेल, तर अरबी आणि इंग्रजी दोन्ही नीट बसतात. त्यात देवनागरी लिहिली की मात्र ओळीने प्रश्नचिन्हे उमटतात. लांबी पुरेशी असून मजकूर नाहीसा झाला, असे हे प्रकरण. त्यामुळे लांबीच्या आधी अक्षरसंच तपासावा.

अनुक्रमणिकेची वेगळी कात्री

मजकूर साठवता आला म्हणजे तो झटपट शोधता येईलच असे नाही. शोधासाठी जी अनुक्रमणिका, म्हणजे इंडेक्स, लागते तिची मर्यादा वेगळी आणि बरीच लहान असते. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये जुन्या ओळ-रचनेत ती ७६७ बाइट होती. चार बाइटी अक्षरसंचात प्रत्येक अक्षराला चार बाइट धरले जातात, म्हणून ७६७ भागिले चार, १९१ अक्षरे. अनेक प्रणालींत ‘व्हारचार १९१’ असा विचित्र आकडा दिसतो, त्याचे मूळ हे. नव्या रचनेत ही मर्यादा ३,०७२ बाइट झाली. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मुख्य अनुक्रमणिकेला ९०० बाइट मिळतात, २०१६ पासून दुय्यम अनुक्रमणिकेला १,७००. पोस्टग्रेसमध्ये ती पानाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे २,७०० बाइटांच्या आसपास.

उगाच मोठी मर्यादा घालण्यालाही किंमत आहे. डिस्कवर व्हारचार असेल तेवढीच जागा घेतो, पण शोध चालू असताना लागणाऱ्या मेमरीचा अंदाज जाहीर केलेल्या लांबीवरून बांधला जातो. एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक व्हारचार निम्मा भरलेला असेल असे धरून मेमरी मागतो. म्हणजे वऱ्हाडात दहा माणसे आणि एसटीची अख्खी गाडी राखून ठेवली, तसा प्रकार. दहा-वीस कॉलमांना ४,००० देऊन ठेवले की गर्दीच्या वेळी साधा अहवालही रांगेत थांबतो.

मावले नाही तर काय

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा. एक मार्ग म्हणजे नोंद नाकारणे. दुसरा, जास्तीचा भाग गुपचूप कापणे. मायएसक्यूएल २०१५ च्या ५.७ आवृत्तीपर्यंत मूळ सेटिंगमध्ये दुसऱ्या मार्गाने जाई. एक इशारा नोंदवे, तो कुणी वाचत नसे. त्याचा जुना ‘यूटीएफ-८’ तीन बाइटांवरच थांबणारा होता. अरबी आणि देवनागरी त्यात बसत, पण चार बाइटांची इमोजी आली की तिच्यापासून पुढचा सारा मजकूर गळून पडे. २०१० मध्ये चार बाइटी संच आला, पण मूळ सेटिंग म्हणून तो २०१८ च्या आठव्या आवृत्तीतच स्थिरावला.

गुपचूप कापण्याचे धोके सुरक्षेच्या अंगानेही दिसले आहेत. २००८ मध्ये स्टेफान एसर यांनी दाखवून दिले, की प्रशासकाच्या नावापुढे पुष्कळ रिकाम्या जागा आणि शेवटी एखादे अक्षर जोडून नवे खाते उघडले, तर तपासणी ते नाव वेगळे समजते. साठवताना मात्र शेपूट कापले जाऊन दुसरा ‘प्रशासक’ तयार होतो. २०१५ मध्ये वर्डप्रेसमध्ये ६४ किलोबाइटपेक्षा मोठा मजकूर टाकून कापण्याच्या जागी घातक कोड शिरवता येतो असे उघड झाले, आणि ४.२.१ ही तातडीची दुरुस्ती आली. टेक्स्ट प्रकाराची ६५,५३५ ची सीमा हीच तिथली फट होती.

शेजाऱ्याची मर्यादा

आपला डेटाबेस कितीही उदार असला तरी माहिती पुढे जाते तिथे दुसऱ्याचे नियम लागू होतात. पासपोर्टवरच्या यंत्रवाचनीय पट्टीचे नियम आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात आहेत. पहिल्या ओळीत ४४ जागा. प्रकार आणि देश यांच्या पाच वजा जाता नावाला ३९. कार्डाच्या आकाराच्या प्रवासपत्रावर नावाला ३०. पट्टीत फक्त रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि भरणचिन्ह चालते. पु. ल. देशपांडे यांचे पूर्ण नाव, ‘लक्ष्मण’ एक्स वापरून लिहिले, तर २९ जागा घेते आणि कार्डात जेमतेम बसते. तेच ‘के-एस-एच’ने लिहिले तर ३१ होतात आणि टोक कापावे लागते. सुलतानांचे नाव याच पद्धतीने मांडले तर ३७ जागा घेईल: पासपोर्टात बसेल, कार्डात नाही. ओमानी नावात स्वतःचे नाव, ‘बिन’ किंवा ‘बिन्त’ जोडून वडिलांचे, मग आजोबांचे आणि शेवटी टोळीचे किंवा घराण्याचे नाव येते. तीन पिढ्या आणि घराणे यांच्या या साखळीला ३० जागा अपुऱ्याच.

पैशांच्या बाबतीत गणित उलटे होते. मस्कतच्या रुवी भागातल्या एखाद्या एक्स्चेंजमधून किंवा बँकेतून घरी पैसे पाठवताना, बँकांना जोडणाऱ्या स्विफ्टच्या जुन्या संदेशात लाभार्थीच्या नाव-पत्त्याला प्रत्येकी ३५ अक्षरांच्या चार ओळी मिळत. ओमानी पत्ता त्यात आरामात बसतो: पोस्ट बॉक्स, तीन आकडी पोस्टल कोड, रुवीसाठी ११२, आणि गावाचे नाव. महाराष्ट्रातला पत्ता मात्र फ्लॅट, विंग, सोसायटी, रस्ता, खूण, उपनगर असा चालत राहतो. ‘को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी लिमिटेड’ हे शब्द इंग्रजीत लिहिले तर, सोसायटीचे स्वतःचे नाव सोडूनच, ३६ अक्षरे होतात. ओळ ३५ ची! मार्च २०२३ पासून नवे आयएसओ २००२२ संदेश सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये देशोदेशीच्या पैसे पाठवण्याच्या सूचनांसाठी जुन्यांची साथ संपली. नव्या संदेशांत नावाला १४० अक्षरे आहेत, रस्त्याला ७०. इमारतीच्या नावाचा कप्पा मात्र अजूनही ३५चाच.

मोबाइलचा लघुसंदेश तिसरा शेजारी. त्याची जागा १४० बाइटांची. इंग्रजीत त्यात १६० अक्षरे बसतात, अरबी आणि मराठीत ७०. संदेश लांबला की प्रत्येक तुकड्याला ६७च मिळतात. बँकेच्या टेबलात सूचनेचा नमुना १६० अक्षरांचा ठेवून त्याचे अरबी किंवा मराठी रूप त्याच कॉलमात घातले, तर डेटाबेस कुरकुर करत नाही, पण एका संदेशाचे तीन होतात आणि बिलही तिप्पट येते.

मग मर्यादा कशी ठरवावी

जिथे जगाने लांबी ठरवून दिली आहे तिथे तीच घ्यावी. ईमेल पत्ता २५४, देशाच्या संकेतांकासह फोन क्रमांक १५ आकडे, आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक, कमाल ३४. ओमानने २०२४ मध्ये आयबॅन लागू केला, तो २३ चिन्हांचा. भारतात आयबॅन नाही, तिथे आयएफएससी ११ चिन्हांचा. या कॉलमांना २५५ देणे हा निव्वळ आळस आहे. चुकीची नोंद दारातच पकडण्याची संधी त्यात जाते.

नाव आणि पत्ता यांना असे कोणतेही मानक नाही. ते माणसांकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि इथेच एका देशाचा फॉर्म दुसऱ्या देशात फसतो. ओमानमध्ये नाव लांब, पत्ता आखूड. महाराष्ट्रात नाव तीन शब्दांचे, पत्ता लांबलचक. दोन्हीकडच्या लोकांना सेवा देणाऱ्या प्रणालीने दोन्हींतले मोठे माप घ्यावे. मूळ लिपीतले पूर्ण नाव एका कॉलमात जसेच्या तसे ठेवावे. पासपोर्टच्या पट्टीचे ३९ चे रूप आणि बँकेच्या संदेशातले रूप वेगळ्या कॉलमांत, त्या-त्या नियमाने कापून ठेवावे. कापलेली प्रत हीच मूळ नोंद मानली जाऊ लागली, की कागदपत्रांतली नावे जुळेनाशी होतात आणि त्याचा त्रास खातेदाराला होतो. ओमानच्या २०२२ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणि भारताच्या २०२३ च्या कायद्याने माणसाला आपली नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला आहे. अपुऱ्या कॉलममुळे तो हक्क अडू नये.

मर्यादा आज थोडी जास्त ठेवून चालते, कारण ती पुढे वाढवणे बहुतेक ठिकाणी स्वस्त झाले आहे. पोस्टग्रेसमध्ये २०१२ च्या ९.२ आवृत्तीपासून त्यासाठी टेबल पुन्हा लिहावे लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये २५५ बाइटांची रेषा ओलांडताना मात्र सारे टेबल नव्याने उतरवावे लागते, कारण तिथे लांबी लिहायला दुसरा बाइट लागतो. कमी करणे सगळीकडेच अवघड, कारण आत बसलेल्यांना बाहेर काढावे लागते.

नव्या प्रणालीची चाचणी बहुधा दहा-बारा अक्षरांच्या इंग्रजी नावांनी होते आणि म्हणून ती उत्तीर्ण होते. चाचणीच्या यादीत तीन पिढ्यांचे अरबी नाव, जोडाक्षरांनी भरलेले मराठी नाव, पूर्ण सोसायटीसह पुण्या-मुंबईचा पत्ता आणि एक इमोजी आवर्जून घालावी. मर्यादा अक्षरांत लिहावी, तिचे कारण शेजारी नोंदवावे, आणि मजकूर मावला नाही तर प्रणालीने तो स्पष्टपणे नाकारावा. कारण सांगता येत नसेल तो आकडा कॉलमवर ठेवू नये.